नियम सातवा

चिखलात माणूस रुतला की त्याची सगळी विद्वत्ता गुडघ्यापाशी येऊन थांबते. उत्तरा मोडकची तर त्या दिवशी मांडीपर्यंत आली होती. बी.ए.ला संख्याशास्त्रात पहिली आलेली, विद्यापीठात एम.ए. करणारी, डोंबिवलीच्या रेल्वे कारकुनाची ही एकुलती एक मुलगी ठाण्याच्या खाडीत, ऐन ओहोटीला, डोक्यावर दोन जाडजूड वह्या धरून उभी होती. होडीवाला म्हणाला होता, "पाणी भरेपर्यंत बसा, बाई." पण बसेल ती उत्तरा कसली!

"चपला हातात घ्या..." काठावरून कुणीतरी ओरडलं.

"आतच राहिल्या!"

"मग राहू द्या आता. खाडी एकदा घेतलेलं परत देत नाही."

बोलणारा माणूस डोक्यापासून पायापर्यंत पांढरा होता. केस पांढरे, भुवया पांढऱ्या, मिशीसुद्धा पांढरी. डी.डी.टी.चं पाणी अंगावर उडून वाळलं होतं. डोळे तेवढे काळे, आणि ते हसत होते. त्यानं वल्हं पुढे केलं.

"आधी वह्या द्या."

"वह्या नाही. मला काढा. वह्या माझ्याच हातात राहतील."

"एवढं काय आहे त्यांत? सोनं?"

"दोन गावं आहेत," उत्तरा म्हणाली.

त्याचं हसू जरासं थांबलं. मग त्यानं तिला वह्यांसकट ओढून काढलं. काठावर आल्यावर तिच्या लक्षात आलं, की आपण अजून त्याचा हात सोडलेला नाही... आणि आपल्या मनगटावर पांढरी बोटं उमटली आहेत. ती तिनं घरी जाईपर्यंत पुसली नाहीत. का, ते मला विचारू नका. बाविसाव्या वर्षी सगळ्याच गोष्टींना कारण असतं असं नाही.

तो त्रेपन्न सालचा आषाढ होता. ठाण्याच्या खाडीकाठी घरोघर हिवताप. एक दिवस हुडहुडी, एक दिवस बरं, पुन्हा हुडहुडी. आरोग्य खात्याकडे औषध होतं, फवारणीचे पंप होते, पण जेमतेम. विद्यापीठाकडे औषध नव्हतं, आकडे होते. मग दोघांनी हातमिळवणी केली. फवारायचं खात्यानं, मोजायचं विद्यापीठानं.

खाडीच्या दोन काठांना समोरासमोर दोन कोळीगावं होती, मोरबेट आणि सावरपाडा. घरं सारखी, माणसं सारखी, तापही सारखाच. पंप पुरणार होते एकाच गावाला. तर एक गाव फवारायचं, दुसरं तसंच ठेवायचं आणि शिमग्यापर्यंत दोन्हींकडचा ताप मोजत राहायचा. फरक आकड्यांत दिसला की पुढच्या वर्षी सबंध जिल्ह्यासाठी पंप मागता येतील. उत्तराच्या प्राध्यापकांनी, आगटे सरांनी, हे समजावून सांगितलं तेव्हा तिला ते फार सुंदर वाटलं होतं. अभ्यासाचे अकरा नियम तिनंच लिहिले होते, वळणदार अक्षरात, एकही खाडाखोड न करता.

पांढऱ्या माणसाचं नाव राघो नाखवा. मॅट्रिक झालेला, खात्यात निरीक्षक. मोरबेट त्यानंच फवारलं होतं. प्रत्येक दारावर गेरूनं तारीख घातली होती.

दर मंगळवारी दोघांची गाठ पडू लागली. सकाळी मोरबेट, दुपारी सावरपाडा. खात्याचे डॉक्टर पोरांना रांगेत उभं करून बरगडीखाली पोट दाबून बघायचे. हिवतापानं पाणथरी, म्हणजे प्लीहा, वाढते, ती बोटांना लागते. राघो बोटाला सुई टोचून रक्ताचा थेंब काचेवर घ्यायचा. उत्तरा नाव, वय, घर क्रमांक लिहायची. पोरं भोकाड पसरायची ती राघोला बघून, आणि गप्प व्हायची तीही त्याच्याचमुळे, कारण तो प्रत्येकाच्या बोटावर फुंकर घालायचा.

"तुमचंही रक्त घ्यायला पाहिजे," तिसऱ्या मंगळवारी तो म्हणाला.

"माझं कशाला?"

"दोन्ही गावांत हिंडता. डास काय विद्यापीठाचं ओळखपत्र बघून चावतात?"

तिनं बोट पुढे केलं. त्यानं टोचलं, थेंब काचेवर घेतला. मग फुंकर घातली... जरा जास्तच वेळ.

"दुखलं?"

"छे."

"मग हात मागं का घेत नाही?"

उत्तरानं झटक्यात हात मागं घेतला आणि वहीत डोकं घातलं. त्या दिवशी तिनं सावरपाड्यातल्या धाकूच्या पोराचं वय सत्तेचाळीस लिहून ठेवलं. आकड्यांत तिची झालेली ही पहिली चूक.

सावरपाड्यातलं काम संपायचं ते शेवटच्या घरी. तिथं मनुबाई नावाची एक उंच, कोरड्या आवाजाची बाई होती. ती रोज सुकी मासळी निवडत बसलेली असायची आणि दर मंगळवारी एकच वाक्य म्हणायची, "बाय, भात खाऊन जा."

"आज मंगळवार आहे. उपास असतो माझा," उत्तरा म्हणायची.

उपास खोटा नव्हता. पण तो बुधवार असता तरी उत्तरानं काहीतरी सांगितलंच असतं. डोंबिवलीच्या मोडकांच्या घरात कांदासुद्धा चातुर्मासात येत नव्हता. मनुबाईला ते कळत होतं. तरी ती म्हणायची. आणि तिच्या पाठीमागे उंबऱ्यावर उभा राहून राघो हसायचा.

"तुम्हाला काय एवढं हसू येतं?" होडीत बसताना एकदा उत्तरानं विचारलं.

"ती माझी आई आहे."

"म्हणजे... हे तुमचं गाव?"

"सावरपाडा. जन्मापासून."

उत्तरानं वळून बघितलं. गावातल्या एकाही दारावर गेरूची तारीख नव्हती. तिला एकदम खात्याच्या कोपरीच्या ऑफिसातली ती ज्येष्ठातली दुपार आठवली. टेबलाभोवती डॉक्टर, आगटे सर आणि ती. छापा आला तर मोरबेट, काटा आला तर सावरपाडा. सर म्हणाले होते, "उत्तरा, तूच उडव. निःपक्षपाती हात हवा."

"राघो... ते नाणं..." ती म्हणाली. "ते मी उडवलं होतं."

तो वल्हवत राहिला. पाणी वल्ह्यावरून ओघळत होतं.

"माहीत आहे. मी दारातच उभा होतो," तो म्हणाला. "पंप घेऊन."

"मग पहिल्या दिवशी मला ओढून का काढलंत? ठेवायचं होतं तिथेच."

"ठेवणारच होतो. पण वह्या इतक्या घट्ट धरल्या होत्या तुम्ही... म्हटलं, आपलं गाव ही बाई पाण्यात पडू देणार नाही."

उत्तराला रडू आलं, आणि रडता रडता हसूही आलं. माणूस प्रेमात पडतो तो नेमका कुठल्या क्षणी, हे सांगणं कठीण. उत्तराच्या बाबतीत मात्र मी छातीठोकपणे सांगते. हाच तो.

नारळी पौर्णिमा झाली. 'तुम्ही'चं 'तू' झालं, एकांतात. होडीत बसण्याची जागा सरकत सरकत जवळ आली. एकदा तो म्हणाला, "ज्या दिवशी तू आईच्या हातचा भात खाशील ना, त्या दिवशी मी डोंबिवलीला येईन. तुझ्या वडलांना, भाऊंना, विचारायला."

"भाऊ तुला जिन्यावरूनच परत पाठवतील."

"जिन्यावरून विचारीन. आवाज मोठा आहे माझा."

"आणि मी भात खाल्लाच नाही तर?"

"तर मी म्हातारा होईपर्यंत दर मंगळवारी तुझं बोट टोचीन."

ती लाजली. वहीत उत्तर नव्हतं म्हणून तिनं खाडीकडे बघितलं. इथपर्यंतची गोष्ट मला पुन्हा पुन्हा सांगावीशी वाटते, कारण पुढची सांगवत नाही.

राघोची धाकटी बहीण मंजुळा मोरबेटात दिली होती. एकोणीस वर्षांची, पहिलटकरीण. तिचं घर फवारलेलं होतं, दारावर तारीख होती. भाद्रपदात तिला सातवा लागला आणि रिवाजाप्रमाणे मनुबाईनं तिला माहेरी आणायचं ठरवलं. फवारलेल्या गावातून न फवारलेल्या गावात.

उत्तरा त्या मंगळवारी वह्या बाजूला ठेवून मनुबाईपुढे उकिडवी बसली. "आई, मंजुळाला इथं आणू नका हो. बाळंतपण तिकडेच होऊ दे. पोटुशी बाईला हा ताप फार वाईट."

"पयलं बालंतपन सासरी?" मनुबाईनं हातातली सुकट तशीच ठेवली. "लोकं काय म्हनतील? पोरीला आय नाय?"

तिकडे मोरबेटात सासूचंही तेच म्हणणं. शेवटी मंजुळा आली. गोल चेहऱ्याची, बडबडी, पोटावर हात ठेवून हसणारी. उत्तराला बघताच म्हणाली, "हीच का ती? दादा हिच्याबद्दलच बोलतो, दुसरं कायच बोलत नाय." राघो उठून बाहेर गेला.

उत्तरानं डोंबिवलीहून नवी मच्छरदाणी आणून दिली. मंजुळानं ती उलगडली, अंगावर धरली. "वहिनी, आम्ही जाल्यात मासोली धरतो. तू मानसं धरतेस?" वहिनी! उत्तराच्या कानाच्या पाळ्या तापल्या. त्या गडबडीत मच्छरदाणी कशी बांधायची हे दाखवायचं राहून गेलं, आणि पुन्हा कधी कुणी विचारलं नाही.

त्याच संध्याकाळी, भरतीची वाट बघत दोघं काठावर उभे होते.

"उत्तरा, एक मागतो," राघो म्हणाला.

"माग."

"एक घर फवारू दे. आईचं. दोन खोल्या आहेत, एका पंपाचं काम. मी एकटा करतो, कुणाला कळणार नाही."

"मला कळेल, राघो."

"तू तर..."

"मला कळेल," ती पुन्हा म्हणाली. "आज तुझं घर. उद्या धाकू विचारेल, माझ्या पोरांनी काय पाप केलं? त्याला काय सांगू? मग दुसरं, मग तिसरं. मग आकडे काहीच सांगणार नाहीत आणि पुढच्या वर्षी पंप मागायला तोंड राहणार नाही. सबंध जिल्हा आहे रे... शिमग्यापर्यंतच. एकच हंगाम."

तिचं म्हणणं खरं होतं. हेच तर वाईट. खोटं असतं तर त्यानं ऐकलं नसतं.

"शपथ घाल मग," तो म्हणाला. "नाहीतर माझा हात राहायचा नाही. पंप माझ्याच ताब्यात आहेत."

तिनं त्याचा हात घेतला, स्वतःच्या गळ्याशी लावला. "माझी शपथ आहे."

भरतीचं पाणी पायाला लागलं तरी दोघं हलले नाहीत.

आश्विनात मंजुळाला ताप भरला. खात्याच्या गोळ्या दिल्या, ताप उतरला, पुन्हा चढला. चेहरा पिवळा पडत गेला. डॉक्टर म्हणाले, अंगात रक्त उरलेलं नाही, हिला ठाण्याला हलवा. राघोनं होडी काढली. दुपारची वेळ होती आणि ओहोटी लागली होती. निम्म्या वाटेवर होडी चिखलात बसली. चार माणसांनी उतरून ढकलली, राघो छातीपर्यंत रुतला, होडी हलली नाही. पाणी भरेपर्यंत तिथंच, उन्हात, मनुबाईनं लुगड्याचा आडोसा धरला आणि मंजुळा बाळंत झाली. आठव्या महिन्याची पोर, मांजराच्या पिल्लाएवढी. भरती आल्यावर होडी वळवून तिला घरी आणलं, कारण ठाण्यापर्यंतची वाट आता तिला सोसली नसती. तिसऱ्या दिवशी सकाळी मंजुळा गेली.

पोर मात्र जगली. दोन घरं सोडून शेवंती ओली बाळंतीण होती, ती पाजायला येई.

हे उत्तराला कळलं ते मंगळवारी. मनुबाईच्या दारापुढे बायका बसल्या होत्या. कुणी तिला आत ये म्हणालं नाही, जा म्हणूनही म्हणालं नाही. पेटी उघडी पडली होती आणि तिच्यात मच्छरदाणी होती. पुन्हा घडी घातलेली, एकदाही न बांधलेली.

"बालासाठी जपून ठेवली व्हती," एक बाई दुसरीला सांगत होती. "नवी हाय, खराब नको म्हनून."

राघो तेराव्यानंतर कोपरीच्या ऑफिसात आला. दाढी वाढलेली. उत्तरा दोन्ही वह्या समोर ठेवून बसली होती. तिला वाटलं, तो ओरडेल. ओरडला असता तर बरं झालं असतं.

"मंजीला कुठल्या वहीत घातलंस?" त्यानं एवढंच विचारलं.

"दोन्हींत आहे. आधी मोरबेटात होती... मग सावरपाड्यात."

"आणि सातवा नियम?"

सगळे नियम उत्तरानंच त्याला वाचून दाखवले होते, श्रावणात, हसत हसत. सातवा असा होता: जी व्यक्ती अभ्यासाच्या काळात दोन्ही गावांत प्रत्येकी पंधरा दिवसांहून अधिक राहिली, तिचं नाव दोन्ही वह्यांतून कमी करावं.

"मी शपथ पाळली, उत्तरा," तो म्हणाला. "पंप रोज हातात घेत होतो आणि ठेवत होतो. एवढं लक्षात ठेव." आणि तो गेला.

आठवड्यानं आगटे सर तपासणीला आले. सर वाईट माणूस नव्हते. त्यांनी चष्मा पुसला, दोन्ही वह्या चाळल्या, आणि एका नावावर बोट ठेवलं. "ही दोन्हीकडे कशी? नियम सातवा लागू होतो. तूच लिहिलायस. चांगला नियम आहे, कमी कर नाव."

"सर, ती गेली."

"कळलं मला. वाईट झालं." ते खरंच हळू आवाजात बोलले. "पण कुठल्या गावच्या नावावर मांडायची ती? मोरबेटच्या मांडली तर फवारणीवर अन्याय. सावरपाड्याच्या मांडली तर उलटा. म्हणून तर नियम केला."

उत्तरानं टाक उचलला. शाईत बुडवला. पुन्हा ठेवला. सरांनी थोडा वेळ वाट बघितली, मग पट्टी घेतली आणि स्वतःच्या हातानं दोन सरळ रेघा मारल्या. एक या वहीत, एक त्या. खाली बेरजेच्या जागी सावरपाड्याच्या मृत्यूंपुढे त्यांनी लिहिलं, निरंक.

तो शब्द उत्तरा बघत राहिली. बाहेर खिडकीतून ऑफिसमागची शेड दिसत होती. मोरबेटची दुसरी फेरी संपून महिना होत आला होता. धुऊन, पुसून, उपडे घातलेले पंप तिथं रांगेनं पडून होते. पंप पुरत नाहीत म्हणून नाणं उडवलं होतं ना आपण? मग हे काय आहे?

ती उठली आणि डॉक्टरांच्या टेबलाशी गेली.

"डॉक्टर, पंप रिकामे आहेत. सावरपाडा फवारून द्या."

"उत्तरा!" सर मागून म्हणाले. "शिमग्यापर्यंत थांब. चार महिने राहिलेत फक्त."

"थांबले होते, सर. एकदा थांबले."

डॉक्टर म्हणाले, "खात्याचं काम फवारण्याचं आहे, प्रोफेसर. मी तुमच्यासाठी थांबलो होतो. पोरांची पोटं दर मंगळवारी मीच चाचपतो." त्यांनी कागद ओढला आणि हुकूम लिहिला.

सरांनी वह्या मिटल्या. चिडून नव्हे, थकून. "मग हे आकडे अर्धवट राहिले. यांच्यावर तुझं एम.ए. होणार नाही, हे कळतंय ना? आणि पुढच्या वर्षी जिल्ह्यासाठी पंप मिळाले नाहीत तर... तेही कळतंय?"

"हो, सर." दोन्ही कळत होतं. आणि आणखी एक कळत होतं, जे ती कुणाशी बोलली नाही: हे आपण जिवंत माणसानं मागितलं तेव्हा केलं नाही.

सावरपाड्यात फवारणी झाली तो मंगळवारच होता, कार्तिकातला. सकाळपासून घरं रिकामी करणं चाललं होतं. मडकी, जाळी, देव, पाटे, सगळं अंगणात. उत्तराच्या हातात वह्या नव्हत्या. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा तिला हातांचं काय करावं कळत नव्हतं.

मनुबाई घरामागच्या उंबराखाली बसली होती. फांदीला बांधलेली मच्छरदाणी, आत झोळीत पोर. घरात राघो एकटाच पंप घेऊन शिरला होता. भिंतीवर फवारा बसल्याचा आवाज येत होता... थांबत होता... पुन्हा येत होता. दोन खोल्यांना त्याला फार वेळ लागत होता.

उत्तरा मनुबाईपुढे जाऊन उभी राहिली. डोंबिवलीपासून मनाशी घोकत आणलेलं सगळं विसरली.

"आई... ज्येष्ठात नाणं उडवलं ते मी. तुमचं गाव वगळलं गेलं ते माझ्या हातानं. आणि राघोनं हे घर मागितलं तेव्हा मीच नको म्हणाले. शपथ घातली त्याला."

मनुबाईनं वर बघितलं नाही. झोळीला झोका देत राहिली.

"मना ठावं हाय."

"राघोनं... आत्ता सांगितलं?"

"मंजी व्हती तवाच. मंजीलाबी ठावं व्हता." तिनं पदरानं नाक पुसलं. "हसली. म्हनली, वहिनीचा हात चांगला हाय, माझं मोरबेट तरी वाचलं."

उत्तरा खाली बसली. तिला रडायचं नव्हतं, रडण्याचा हक्क या घरात आपल्याला नाही असं तिला वाटत होतं. पण ते कुणाच्या हातात असतं का? तोंडात पदर कोंबून ती रडली. मनुबाई तिच्याकडे बघत राहिली. डोळ्यांत माया नव्हती, रागही नव्हता.

"तू बोललीस, हिला आनू नको," ती म्हणाली. "मी आनली. ओटी भरून, वाजतगाजत आनली. तुजा नियम व्हता, माजी रीत व्हती." मग तिचा कोरडा आवाज पहिल्यांदा फाटला. "पोर माजी गेली, बाय. तुला माफ केली असं मी म्हननार नाय. मना तसं येत नाय बोलता."

"नका म्हणू," उत्तरा म्हणाली.

पोर कुरकुरली. मनुबाईनं मच्छरदाणी उचलली, तिला बाहेर काढून खांद्याशी धरलं आणि पाठीवर थोपटत राहिली. सूर्य चांगलाच वर आला होता. चुलीवरचं भांडं अंगणात आणून तीन दगडांवर ठेवलेलं होतं, त्यातून वाफ येत होती.

"भात झालाय," मनुबाई म्हणाली. सवयीनं म्हणाली की काय कोण जाणे. "उपास असंल ना तुजा? मंगलवार हाय."

उत्तरानं डोळे पुसले. खाडीकडून खारा वारा येत होता, त्यात औषधाचा उग्र वास मिसळला होता. तिला भाऊ आठवले, स्वयंपाकघरात सोवळ्यानं वावरणारी आई आठवली, जिना आठवला.

"नाही," ती म्हणाली. "उपास नाही."

मनुबाईनं पोर तिच्या मांडीवर ठेवली आणि ताट घेतलं. भात वाढला. त्यावर बोंबलाचं कालवण ओतलं, लालभडक. पोर पुन्हा उचलून घेतली. उत्तरानं पहिला घास कालवला. काटा निवडायचा असतो हेही तिला ठाऊक नव्हतं. "हलू खा, काटा हाय," मनुबाई म्हणाली, आणि स्वतःच तिच्या ताटातला बोंबील सोलून काटा बाजूला केला.

राघो घराबाहेर आला. डोक्यापासून पायापर्यंत पांढरा, पहिल्या दिवशी होता तसा. गालांवर तेवढ्या दोन ओल्या रेघा. त्यानं खिशातून गेरूचा खडा काढला, दारावर तारीख घातली आणि मागं वळला. अंगणात उत्तरा जेवत होती.

तो जागच्या जागी थांबला. तिनं मान वर केली नाही, दुसरा घास घेतला. आणखी एक. डोळ्यांतलं पाणी भातात पडत होतं तरी खात राहिली. राघोनं पंप खाली ठेवला. रांजणातून पाणी घेऊन हात धुतले, तोंड धुतलं, तरी कानामागे पांढरं राहिलंच. मग तो येऊन आईशेजारी बसला आणि बहिणीची पोर तिच्या खांद्यावरून आपल्याकडे घेतली.

"आई, रविवारी मी डोंबिवलीला जाणार आहे," तो म्हणाला.

मनुबाईनं दुसरं ताट घेतलं आणि त्यालाही भात वाढला.